काळीवरचं घर

आमच्याकडे गावाची जमीन दोनच रंगांची. घरं उभी राहतात ती पांढरी, पिकं येतात ती काळी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होऊन, भिंती पडून, पुन्हा उठून तयार झालेली माती. ती फुगत नाही, भेगाळत नाही. माळवदावर तीच टाकायची, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. काळीचं सगळंच उलटं. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात अशी फाटते, की लहानपणी आम्ही त्या भेगांत कोपरापर्यंत हात घालायचो आणि माय ओरडायची, "इच्चू-काटा असंल रे त्यात!"

चिकलठाण्याच्या जुन्या गावठाणात म्हणून घराजवळ मोठं झाड फारसं नसे. न्हाणीच्या पाण्यावर एखादी पपई, दोन केळी, कढीपत्ता, फार तर शेवगा. आंबा, चिंच, जांभूळ हे सगळं शेतात, नाहीतर सुखनेच्या काठाला. घरापासून झाड किती लांब लावावं हा प्रश्नच कुणाला पडत नसे. घर पांढरीत, झाड काळीत, मधे अख्खी वेस.

मग गाव फुगलं. एका अंगाला एमआयडीसी, एका अंगाला विमानतळ, मधून जालना रोड. ज्वारीच्या रानांत चुन्याच्या रेघा पडल्या आणि रानाचे प्लॉट झाले. आमचे दादा आणि तात्या, दोघा भावांनीही गावठाणातलं घर सोडून आपल्याच वावरात शेजारी-शेजारी घरं बांधली. घर पहिल्यांदा काळीवर आलं.

दादांनी पाया खोदताना गवंड्याला एकच सांगितलं होतं, "मुरूम लागल्याशिवाय थांबायचं नाही." आमच्याकडे सात फुटांवर लागला. तात्यांचा पैसा पाच फुटांवर संपला.

1987च्या पावसाळ्यात तात्यांनी हिमायत बागेतल्या फळ संशोधन केंद्रातून केसरचं कलम आणलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून सहा फुटांवर खड्डा घेतला. काकूंना चुलीपासून झाड दिसायला पाहिजे होतं, आणि भांड्यांचं पाणीही तिथंच जाणार होतं. 1972 बघितलेली बाई होती ती. पाण्याची वाटीसुद्धा वाया जाऊ देत नसे.

दादा कुंपणाजवळ येऊन म्हणाले, "तात्या, झाड आडवं पडलं तर उंबऱ्याला लागू नये, एवढं लांब लाव. आंब्याला दहा मीटर सांगतात ते लोक."

"ते दोन झाडांमधलं अंतर आहे. घराचं कुठं लिहिलंय?"

तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते दहा मीटर बागेसाठीच सांगतात, मोसंबी-पेरूला सहा. पण दादांना उलट उत्तर सहन होत नसे. पुढची दोन-तीन वर्षं दोघांचं बोलणं लग्नकार्यापुरतं राहिलं. पाडाचे आंबे मात्र काकू दरवर्षी कुंपणावरून देत आणि दादा एक अक्षर न बोलता खात.

काकू 2004 साली गेल्या. दादा त्यानंतर चार वर्षांनी.

2012चा पाऊस रुसला. 2013च्या उन्हाळ्यात तात्यांच्या स्वयंपाकघराची भिंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चिरली. आधी केसाएवढी, मग रुपया उभा जाईल एवढी. दाराची चौकट वाकडी झाली. सगळ्यांना वाटलं मुळ्यांनी भिंत ढकलली. बघायला आलेल्या इंजिनिअरने वेगळं सांगितलं. मुळी सहसा भिंत ढकलत नाही, ती पाणी पिते. पाऊस नसला की झाड घराखालच्या मातीतलं पाणी ओढतं. काळी आकसते, पाया तेवढ्याच बाजूला खाली बसतो. अशा मातीत झाड जेवढं उंच वाढणार, निदान तेवढं लांब लावायचं.

म्हणजे दादांचंच माप. त्यांनी वादळाच्या भीतीनं सांगितलं होतं, ते जमिनीखालच्या तहानेलाही लागू पडलं. तात्या भेगेवर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप असता तर काही बोलला नसता. तेच जास्त लागलं असतं."

झाड तोडावं असं पोरांचं म्हणणं. तात्या ऐकेनात. "तुमच्या मायनं भांड्याच्या पाण्यावर वाढवलंय ते." एक भाऊ म्हणे घर पडू द्या, एक म्हणे झाड. इंजिनिअरने आणखी घोळ घातला. झाड एकदम तोडलं तर इतकी वर्षं कोरडी राहिलेली माती एकदम पाणी पिऊन फुगेल आणि बसलेला पाया उचलेल. तोडायचं तर हळूहळू, माती सावरू देत. मला वाटतं तात्यांना हेच ऐकायचं होतं. तीन वर्षं मिळाली.

2014 ते 2016, दरवर्षी मृगाच्या आधी एक भाग उतरवला. पहिल्या दोन्ही वर्षी उरलेल्या फांद्यांना आंबे लागले. घरोघर वाटले.

आता पोरं विचारतात, प्लॉटवर काय लावू? तीस बाय चाळीसच्या प्लॉटात आंबा मावतच नाही. कुठंही उभं राहा, कुणाची तरी भिंत येतेच, आपली नाहीतर शेजाऱ्याची. मी सांगतो, लिंबू लावा, डाळिंब लावा, छाटून आटोक्यात ठेवा, तेही पायापासून जमेल तेवढं लांब. जांभळाचं रोप कुणी भेट दिलंच तर शेत उरलेल्या पाहुण्याकडे पोचवा.

तात्यांनी भेग अजून बुजवलेली नाही. गवंड्याने सांगितलं, माती थांबली का ते आधी कळू द्या, आणि भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली. भिंत हलली की काच तडकते. पहिली पहिल्याच पावसात गेली. दुसरी दिवाळीपर्यंत टिकली. तिसरी यंदा रोहिणीत बसवली. तात्या रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहतात. पोळा झाला, अजून शाबूत आहे.