चौरसाचं शेततळं

पिशोरच्या शिवारात शेततळ्याचा आकार कागदावर ठरतो आणि बांधावर बदलतो. 20 बाय 20 मीटरची आखणी चुन्यानं झालेली असते, जेसीबी उभा असतो, आणि मालक म्हणतो, "पूर्वेकडं दहा मीटर वाढवा, तिकडं पडच हाय." झाला चौरसाचा आयत. त्यात कुणाला नवल वाटत नाही. अस्तराला प्लास्टिक किती लागेल, याचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याची मात्र झोप उडते.

इथल्या एका प्रोग्रामरला या प्रसंगाचं भारी कौतुक. नव्या पोरांना शिकवताना तो 'आकार' नावाचा इंटरफेस मांडतो, आयताचा क्लास करतो, आयतापासून चौरस काढतो आणि लांबी 30 करायला सांगतो. चौरस आपला धर्म पाळतो, रुंदीही 30 करतो. क्षेत्र 600 चौरस मीटर यायला हवं, येतं 900. पोरं चकित झाली, की हा संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव यांचं नाव काढतो: 1987 चं त्यांचं व्याख्यान, 1994 मध्ये जिनेट विंग यांच्याबरोबर लिहिलेला निबंध. मूळ प्रकारानं दिलेला शब्द उपप्रकारानं मोडायचा नाही, हा त्यांचा नियम. तो सांगताना आपण जरा फुगतो, हे तो लपवत नाही.

यंदा डिप्लोमा करणारी भाची शिकायला बसली. ती चकित झालीच नाही. म्हणाली, "मामा, मग चौरसाचा क्लास पाहिजेच कशाला?"

तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. भूमितीच्या पुस्तकातला चौरस कधी ताणला जात नाही, म्हणून तिथं तो बिनधास्त आयत असतो. कोडमध्येही बाजू एकदा ठरल्या की बदलू द्यायच्या नाहीत, वाढवायचं तर नवा आयत हातात द्यायचा, एवढं केलं की भांडण मिटतं. पण मग चौरसाच्या क्लासला काम काय उरलं?

बरं, त्या 'आकार' इंटरफेसमधली 'क्षेत्रफळ' ही मेथड तरी कुणाची? शेततळ्याच्या भिंती उभ्या नसतात. तीन मीटर खोलीला दीडास एक उतार धरला, तर वर 20 बाय 20 असलेलं तळं तळाशी 11 बाय 11 उरतं. वरचं क्षेत्र गुणिले खोली केलं की 1200 घनमीटर दिसतात, मावतात 741. प्लास्टिकवाल्याला तळ आणि उतार हवेत, जमिनीच्या हिशेबाला वरचं तोंड, पाण्याच्या हिशेबाला घनफळ. एकाच नावाच्या मेथडनं कुणाकुणाला उत्तर द्यायचं?

शिकवणीच्या क्लासवाल्यांवर त्याचा राग आहे तो यासाठी. वर्तुळ, चौरस, त्रिकोण पाठ करून घेतात, मुलाखतीपुरतं. क्षेत्रफळ कुणाला आणि कशासाठी हवंय, हे पोराला कुणी विचारत नाही. मागणाऱ्याकडं न बघता लिहिलेला इंटरफेस त्याच्या मते नुसती शोभा.

शेवटी त्यानं भाचीला जावा या प्रोग्रामिंग भाषेच्याच जुन्या ग्राफिक्स लायब्ररीत नेलं. तिथं आकारांसाठी 'शेप' नावाचा इंटरफेस आहे. एखादा बिंदू आत आहे का, दुसऱ्या आयताला छेद जातो का, बाहेरची चौकट केवढी, कडेनं कसं फिरायचं, हे तो सांगतो. क्षेत्रफळाची मेथड त्यात नाही. आणि त्या लायब्ररीत आयत आहे, लंबवर्तुळ आहे. वर्तुळाचा क्लास नाही, चौरसाचाही नाही.