दाराच्या अलीकडचे जेवण

धर्मगुरूला जेवणाची आमंत्रणे नवी नसतात. बाप्तिस्मा असो, लग्न असो, नव्या घराचा आशीर्वाद असो की कुणाच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा असो, यजमान ताट वाढतो आणि आम्ही पाटावर किंवा खुर्चीवर बसतो. रत्नागिरीसारख्या गावात त्या ताटात बहुधा भात, बांगड्याची कढी आणि घरच्या कोकमांची सोलकढी असते. अशा जेवणाचे ओझे मनावर पडत नाही. एका आमंत्रणाने मात्र आम्हांला आठ दिवस अस्वस्थ केले होते. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

गोष्ट २०१४ च्या जानेवारीतील आहे. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध दांपत्याच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण झाली. सकाळी कृतज्ञतेची मिस्सा झाली, मंडपात केक कापला गेला, आणि बोटीवर नोकरी करणारा त्यांचा धाकटा मुलगा आमच्यापाशी येऊन म्हणाला, "फादर, पुढल्या आठवड्यात पपा-मम्मीला घेऊन मुंबईला जातोय. ताजमहाल हॉटेलात जेवायला. तुम्ही हवेतच. पपांनीच सांगितलंय."

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तेव्हा 'झोडियॅक ग्रिल' नावाचे भोजनगृह होते. १९८९ साली सुरू झालेले ते भोजनगृह युरोपीय, विशेषतः फ्रेंच वळणाच्या पाककलेसाठी नावाजलेले होते. तेथील एका जेवणाच्या खर्चाची आम्ही मनाशी कल्पना केली, आणि संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या वहीतील नावे डोळ्यांपुढे उभी राहिली. अमक्या विधवेचे महिन्याचे तांदूळ, तमक्याच्या मुलाची फी. प्रायश्चित्तकाळाला अजून अवधी होता. उपवासाची सबबही सांगता येईना. अखेर आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "पपा, आम्हांला यातून मोकळे करा. एवढ्या पैशांत कितीतरी गरिबांची पोटे भरतील."

वृद्ध गृहस्थ अंगणात जाळ्याची शिवण उसवत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "फादर, मी ३८ वर्षं त्या दाराच्या पलीकडनं जेवण धाडलं. अलीकडं ते कसं दिसतं, ते एकदा बघायचंय. एकट्याला भीती वाटते. तुम्ही बाजूला असलात तर बसेन."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांचे आयुष्य आम्हांला ठाऊक होते, पण या बाजूने आम्ही ते कधी पाहिले नव्हते. १९५४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. धोबीतलावला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली. एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते मसालची म्हणून लागले; म्हणजे भांडी घासणे, चुली पुसणे, कांदे सोलणे. पुढे कॉमी झाले आणि शेवटची काही वर्षे सूपच्या चुलीवर उभे राहिले. स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांच्यामध्ये दोन्हीकडे झुलणारे एक दार होते. वेटर खांद्याने ते ढकलून ताटे नेत असत. दार झुलले की क्षणभर पलीकडचे पांढरे मेजपोस, दिवे आणि बायकांच्या साड्यांचे काठ दिसत. मग ते पुन्हा मिटे. ३८ वर्षांत त्या दारातून ते एकदाही बाहेर गेले नाहीत. तशी रीतच नव्हती.

मांडवी एक्स्प्रेसने आम्ही मुंबईस पोहोचलो आणि संध्याकाळी गेटवेसमोरच्या त्या वास्तूत शिरलो. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. योगायोग असा की ज्या ग्रंथाने फ्रेंच पाककलेला आधुनिक शिस्त लावली, तो ओग्युस्त एस्कॉफिए यांचा पाकग्रंथही १९०३ सालीच पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे आजही बहुतांशी एस्कॉफिएंनी घालून दिलेल्या पद्धतीने चालतात: सॉस करणारा वेगळा, मासे करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, आणि प्रत्येकाच्या हाताखाली कॉमी. आमच्या पपांनी त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते. पण त्यांचे सारे आयुष्य त्यांच्याच शिस्तीत गेले होते.

मेजावर बसलो तेव्हा खरी परीक्षा झाली, आणि ती आमची झाली. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना काटे, सुऱ्या आणि चमचे यांची रांग होती. आम्ही पुण्याच्या सेमिनरीत लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो. हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. पपा हलकेच म्हणाले, "फादर, बाहेरनं सुरुवात करायची, आत आत यायचं. हा माशाचा. तो लोण्याचा." त्यांनी यांतले एकही हत्यार जेवणासाठी कधी हाती धरले नव्हते, पण असे हजारो काटे घासून पुसून लखलखीत करून धाडले होते.

सूप आले. आम्ही चमच्याकडे हात नेला आणि थबकलो. जेवणापूर्वी क्रुसाची खूण करायची ती आमची बालपणापासूनची सवय. पण शेजारच्या मेजावर मोठी माणसे बसली होती, आणि खरे सांगायचे तर आम्हांला संकोच वाटला. प्रार्थना मनातल्या मनात उरकावी असा विचार आम्ही करीत होतो. तोवर पपांनी ऐसपैस क्रुसाची खूण केली आणि घरी म्हणतात तशीच, ऐकू येईल अशा आवाजात, भोजनापूर्वीची प्रार्थना सुरू केली. मम्मीने सूर धरला. मग मुलाने, आणि सर्वांत शेवटी आम्ही. वेटर ताट हातात धरून प्रार्थना संपेपर्यंत अदबीने उभा राहिला.

त्या भोजनगृहाचा एक प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कॅमेम्बर्ट दारिओल. दारिओल म्हणजे लहान वाटीसारखा साचा. त्यात कॅमेम्बर्ट चीज घालून भाजलेला हा पदार्थ जिभेवर ठेवताच विरघळतो. कॅमेम्बर्ट हे फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातले एक खेडे. आपल्या बाळ येशूच्या संत तेरेजाचे लिझिएही त्याच प्रांतात आहे. अशी आख्यायिका आहे की फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ च्या सुमारास, सरकारी शपथ घेण्यास नकार देणारा एक धर्मगुरू त्या परिसरात लपून राहिला होता. मारी हारेल नावाच्या शेतकरी बाईने त्याला आसरा दिला, आणि त्याने तिला चीज करण्याची आपल्या मुलखातील रीत शिकवली. ही गोष्ट आम्ही मेजावर सांगितली तेव्हा मम्मी म्हणाल्या, "म्हणजे फादर, हा प्रसाद तुमच्याच माणसाचा!" आम्हांला हसू आले, पण त्या परागंदा धर्मगुरूचे स्मरण होऊन घास थोडा जडही झाला. आसऱ्याच्या बदल्यात द्यायला त्याच्यापाशी एवढेच होते.

पपा फार बोलत नव्हते. प्रत्येक पदार्थ आला की ते आधी वाकून वास घेत, मग एक घास खात आणि डोळे मिटत. एका सॉसची चव घेऊन ते म्हणाले, "हाडं आठ तास उकळलीत. घाई नाही केली. मागं कोणीतरी जीव लावून उभा आहे." ताटातील पावाचा शेवटचा तुकडा त्यांनी सॉसमध्ये फिरवून खाल्ला. "परत येणारी ताटं मी पाहिलीत, फादर. निम्मं अन्न तसंच. माझ्या पहिल्या वर्षी मी रडायचो. घरी आई पेज पिऊन झोपायची, आणि मी इथं कोंबडी डब्यात ओतायचो."

तेव्हा आम्ही त्यांना एस्कॉफिएंची दुसरी ओळख करून दिली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात असताना त्यांनी 'गरिबांच्या लहान भगिनी' या धर्मभगिनींशी स्नेह जोडला होता. लावा पक्ष्यांच्या छातीचे मांस पाहुण्यांच्या ताटात जाई, आणि राखून ठेवलेल्या तंगड्या भगिनींच्या वृद्धाश्रमात जात. तेथे त्यांचा पुलाव होई. या भगिनींची संस्था फ्रान्समध्येच जन्मली. १८३९ साली संत झान जुगाँ यांनी एका आंधळ्या वृद्धेला घरी आणून आपला बिछाना तिला दिला. तेथून हे कार्य सुरू झाले. दारोदार फिरून वृद्धांसाठी मागणे ही त्यांची रीत. १८८२ साली त्या कोलकात्यास आल्या. पपांनी हे सारे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे मोठ्या माणसालाही ते टोचत होतं तर."

गोड पदार्थ झाल्यावर कॅप्टन येऊन सर्व मनासारखे झाले का, असे विचारू लागला. पपा उठून उभे राहिले. आम्हांला वाटले, निघायचे असेल. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आत सांगा, जेवण फार चांगलं झालं. शेफना सांगाच. पण भांडी घासणाऱ्यांनाही सांगा. एका जुन्या मसालचीने सांगितलंय म्हणा." कॅप्टन क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला, मग मान लववून आत गेला. ते दार झुलले आणि मिटले. पपा त्याकडे बघत तसेच उभे होते.

मग खाली बसून ते म्हणाले, "फादर, इथं गेलेल्यांसाठी एक प्रार्थना करूया."

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच वास्तूत दहशतवादी शिरले होते. त्या वेळी प्रमुख शेफ हेमंत ओबेरॉय आणि त्यांचे सहकारी पाहुण्यांना सुरक्षित जागी नेण्यासाठी झटत राहिले. मागच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. स्वतःपुरते ते कदाचित निसटू शकले असते. पाहुण्यांना बाहेर काढताना स्वयंपाकघरातील अनेकजण गोळ्यांना बळी पडले. त्यांत गोव्याचे नामांकित शेफ अर्बानो रेगो यांचा तरुण मुलगा बोरिस रेगो हाही होता. दाराच्या पलीकडची माणसे त्या रात्री दाराच्या अलीकडच्यांसाठी मेली. त्याहून मोठी प्रीती कोणती, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. आम्ही चौघांनी मान खाली घालून शाश्वत विश्रांतीची प्रार्थना म्हटली. या वेळी शेजारच्या मेजाकडे पाहण्याचे आम्हांला सुचले नाही.

परतताना मुलाने एक गोष्ट सांगितली. हे भोजनगृह सुरू झाले तेव्हा पदार्थांच्या यादीवर किमतीच नसत. जेवणाचे जे मोल वाटेल ते पाहुण्याने द्यावे, अशी पद्धत होती. आम्ही रात्रभर या गोष्टीचा विचार करीत होतो. त्या संध्याकाळचे मोल आम्ही किती लावले असते?

बेथानीतील भोजनाचा प्रसंग आम्ही कितीदा तरी प्रवचनात सांगितला आहे. मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान तेल लावले, घर सुवासाने भरले, आणि तीनशे दिनारांचा हिशेब यहूदाने मांडला. त्याने गरिबांचे नाव घेतले. योहान सांगतो की त्याला गरिबांची कळकळ नव्हती. आम्हांला कळकळ होती, असे आम्ही स्वतःला बजावले. तरीही एक प्रश्न टळेना. ज्या माणसाचे नाव पुढे करून आम्ही आमंत्रण नाकारीत होतो, तो गरीब माणूस आमच्यासमोरच अंगणात जाळे घेऊन बसला होता. गरिबांना तांदूळ देण्याचा विचार आम्ही केला. त्यांच्याशेजारी मेजावर बसण्याचा केला नव्हता. वहीतील नावे मात्र तशीच होती. त्यांचे तांदूळही आम्हांलाच पोहोचवायचे होते, आणि ते एका मेजवानीने माफ होत नाहीत.

रत्नागिरीला परतल्यावर पपांनी फक्त एक मागणे केले. आमच्या धर्मग्रामाच्या सणाला मोठे जेवण होते. भांडी घासायला चार-पाच बाया येतात आणि सर्वांची पंगत उठल्यावर मागच्या पडवीत उरलेसुरले जेवतात. पपा म्हणाले, "फादर, त्यांना एकदा पुढं बसवा." त्या वर्षीच्या सणाला पहिल्या पंगतीत त्या बाया बसल्या. प्रथम त्या उठून उठून पळत होत्या. पपांनी दटावून बसवले. भात आम्ही वाढला, कढी पपांनी. सांडली थोडी, पण वाढली. तेव्हापासून ती रीत चालू आहे.

झोडियॅक ग्रिल २०१५ साली बंद झाले. पपाही आता प्रभूच्या घरी गेले आहेत. तेथील पंगतीत दाराच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा भेद नसेल, अशी आमची श्रद्धा आहे. पण पपांचा स्वभाव आम्ही जाणतो. जेवण होताच ते उठून विचारत असतील, "आत कोण आहे? त्यांना बसवलं का?"