चार क्रेडिट्स

माझ्या ताईने एस.वाय.बी.कॉम.पर्यंतचे सगळे पेपर काढले होते. मग लग्न झालं आणि टी.वाय. राहिलं ते राहिलंच. आज कुठल्याही फॉर्मवर 'शिक्षण' या रकान्यात ती 'बारावी' लिहिते. मार्कशीट आहेत, पण त्या दोन वर्षांना नाव नाही.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी कामाला आहे. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि सॉफ्टवेअरमध्ये बी.कॉम. नव्याने बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता प्रत्येक विषय कुठल्या खणातला ते सांगावं लागतं: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण. थिअरीचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे 30. सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट्स.

मला सगळ्यात आवडला तो 'एक्झिट'चा भाग. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. सर्टिफिकेटसाठी वर्षाचे किमान 40 क्रेडिट्स, शिवाय कौशल्याच्या कोर्सचे किंवा इंटर्नशिपचे 4. ताईची आठवण काढत मी ती अट भरली आणि सेव्ह केली.

पुढच्या वर्षी जुलैत एक मुलगी खिडकीशी आली.

"सर, सर्टिफिकेटच्या यादीत माझं नाव नाहीये."

घरी पैशांची ओढाताण होती, म्हणून ती एफ.वाय.नंतर थांबत होती. मे महिन्यात तिने एका सीएच्या ऑफिसात 120 तास काम केलं होतं. तिथेच आता नोकरी मिळत होती, फक्त कागद हवा होता. मी स्क्रीन उघडली. सगळे विषय पास, तरी शेवटी लाल अक्षरांत 'अपात्र'.

चूक माझीच होती. 4 क्रेडिट्स हवेत ही अट मी टाकली होती. पण ते क्रेडिट्स ज्यात जमा व्हायचे, तो इंटर्नशिपचा कोर्स मी तयारच केला नव्हता. तिचे 120 तास टाकायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती. सरकारने दिलेला हक्क माझ्या एका न भरलेल्या ओळीपाशी अडला होता.

कोर्स तयार करायला वीस मिनिटं लागली. सरांची सही, गुणांची नोंद, सगळं होऊन तिचं नाव विद्यापीठाकडे जाणाऱ्या यादीत गेलं. निघताना तिने विचारलं, "परत यायचं असेल तर?"

"तीन वर्षांच्या आत ये. क्रेडिट्स जमा राहतात."

रात्री ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मला मिळेल का रे डिप्लोमा?"

जुन्या पॅटर्नला एक्झिट नव्हती. नाही म्हणालो.

सकाळी ऑफिसात गेल्यावर आधी दुसऱ्या वर्षाची एक्झिट उघडून पाहिली. अट होती. कोर्स नव्हता. चहा यायच्या आत ती ओळ भरून टाकली.