पावसाचा प्लॅन बी

बारी गावात आम्ही शुक्रवारी रात्री पोचलो, तेव्हा वायपर फास्टला टाकूनही समोरचं काही दिसत नव्हतं. मागच्या सीटवर आई, ताई आणि तिचा आठ वर्षांचा पोरगा. माझ्या शेजारी आप्पा. घोटी सोडल्यापासून आप्पा एक शब्द बोलले नव्हते. काच दोन बोटं खाली करून ते नुसते बाहेर बघत होते. बाही भिजली तरी काच वर केली नाही.

जुलै २०२३ चा दुसरा आठवडा होता. शिरूर अनंतपाळला आमच्या शिवारात तोवर पेरणीजोगा पाऊस नव्हता. सोयाबीनचं बियाणं घरात पोत्यात पडून होतं.

ट्रिपची कल्पना माझी. आप्पा आयुष्यात कधी फिरायला म्हणून कुठं गेले नव्हते. लग्न, मयत, पंढरपूर आणि लातूरचा आडत बाजार, एवढाच त्यांचा प्रवास. पण शाळेत पाठ केलेलं एक वाक्य ते अजून म्हणून दाखवतात, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. म्हटलं, चला, दाखवतोच. एक्सेलशीट केली. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरुवात, शिड्यांवर गर्दी व्हायच्या आत वर, दोनपर्यंत खाली. त्या शीटमध्ये न लिहिलेली एक ओळ होती. उतरून आल्यावर, सगळे खुशीत असताना, मी आप्पांना म्हणणार होतो, 'शेत बटईनं द्या आणि तुम्ही दोघं पुण्याला चला.' दोन वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात होतं.

शनिवारी पहाटे, ज्यांच्या घरी उतरलो होतो ते दादा दारात उभे राहून डोंगराकडं बघत होते. डोंगर नव्हताच. ढग होता. "आज वर नाही जायचं," ते म्हणाले. "वारा आहे. लोखंडी शिडीवर हात टिकत नाही. लेकरू आहे बरोबर." विषय संपला.

माझा चेहरा पडला. आमच्या टीममध्ये एक फ्रेंच सहकारी आहे. घरातले सगळे दर सुट्टीला दगड चढायला फाँटेनब्लोला जातात. तिथला वाळूचा दगड ओला झाला की ठिसूळ होतो, पकडीच तुटतात, म्हणून पावसानंतर कुणी हात लावत नाही. मग त्या दिवसासाठी त्यांची यादी तयार असते. गुहा बघा, म्युझियम बघा, पोरांना बोर्डगेम द्या. त्यानं मला विचारलं होतं, "तुमचा पावसाचा प्लॅन बी काय?" मला हसू आलं होतं. आमच्याकडं प्लॅन बी पाऊस न पडण्याचा असतो. दुबार पेरणी, टँकर, चारा छावणी. पाऊस पडला म्हणून एखादी गोष्ट रद्द करायची, हे आमच्या घरात कुणी केलेलंच नव्हतं.

तर आता एक खोली, पाच माणसं, रेंज नाही, लाईट येऊन-जाऊन.

पहिला तास वाईट गेला. भाचा मोबाईल हलवून हलवून रेंज शोधत होता. मग भेंड्या झाल्या, त्यात ताईनं चीटिंग केली. मग आईनं चुलीतला कोळसा मागून घेतला आणि ओसरीच्या फरशीवर पाच बाय पाचची घरं आखली. अष्टा-चंगा. दादांच्या घरातल्या मावशींनी चिंचोके दिले, आप्पांनी ते दगडावर घासून अर्धे केले. चारही पांढरे पडले तर चंगा, म्हणजे चार. चारही काळे पडले तर अष्टा. फुली मारलेल्या घरात तुम्हाला कुणी मारू शकत नाही. भाच्यानं नियम दोन मिनिटांत उचलले आणि विचारलं, "मामा, याचं ॲप आहे का?" मी म्हटलं, असेल. पण तेवढ्यात आजीनं त्याची सोंगटी मारली, आणि ॲपचा विषय परत निघाला नाही.

आई खेळता खेळता उठायची. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी बघितलं. पागोळ्यांखाली तिनं बादली लावली होती. ती भरली की घागर, मग पातेलं. मावशी हसायला लागल्या. "अहो, हे पाणी इथं कुणी भरत नाही." आई ओशाळली, पण पातेलं काढलं नाही.

मला ती का भरते हे माहीत होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. टीव्हीवर न आलेली गोष्ट अशी की दर रविवारी शिरूरच्या एसटीतून आप्पा दोन कॅन पाणी पाठवायचे, तोंडाला प्लॅस्टिक बांधून, आणि मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. आमच्या बोअरला तेव्हा दिवसाला अर्धा तास पाणी यायचं. घरात ते कसं पुरवलं, हे मी कधी विचारलं नाही.

मावशींना आईनं यातलं थोडंसं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात या. तेव्हा आम्हीपण हंडा घेऊन हिंडतो. एवढं पडतं, पण डोंगरावर थांबतं कुठं?" दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मग मावशींनी भाच्याला कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची पोर गावात कामाला राहिली, अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एकदा तिला जबरदस्तीनं ते करायला लावलं, तर ती सरळ डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. भाचा म्हणाला, "म्हणजे ती रागावून वर गेली आणि आपण तिला भेटायला चाललोय?" ताई म्हणाली, "भांडी घासायला लावली की मीपण जाणार."

दुपारी आप्पा दिसेनात. मी छत्री घेऊन शोधायला निघालो. गावाखालच्या खाचरांत आवणी चालू होती. प्लॅस्टिकचे कागद पांघरून बाया-माणसं वाकलेली, आणि त्या रांगेत, गुडघाभर चिखलात, धोतर खोचून आमचे आप्पा. हातात भाताच्या रोपांची मूठ. चार चार काड्या चिखलात खोवत मागं सरकत होते. ज्या गुडघ्यांमुळं शिड्या जमतील का म्हणून मी आठवडाभर काळजी केली, तेच गुडघे.

"आप्पा, काय करलालाव?"

"शिकलालो," ते म्हणाले. "आपल्याकडं रानात पाणी थांबलं की सोयाबीन पिवळं पडतंय. हे लोक बांध घालून पाणी धरतात बघ. उलटंच हाय."

थोड्या वेळानं कंबर सरळ करत त्यांनी विचारलं, "हे पाणी जातंय कुठं?"

संध्याकाळी दादांनी सांगितलं आणि मी फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवलेला नकाशा उघडला. इथलं पाणी कृष्णवंतीतून वाकीच्या धरणात, तिथून प्रवरेत, मग निळवंडे, मग गोदावरी, मग पैठणचा नाथसागर. आप्पांचे डोळे चमकले. "म्हणजे मराठवाड्यात येतंय की!" येतं, पण आपल्याकडं नाही, मी बोट पुढं सरकवलं. आपली घरणी मांजरेला मिळते, आणि मांजरा गोदावरीला मिळते ती थेट तेलंगणात, कंदकुर्तीला. म्हणजे हे पाणी आणि आपलं पाणी भेटतं, पण आपल्याला ओलांडून गेल्यावर. आप्पा बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भेटतंय तर."

मला वाटलं, हीच वेळ. कंदिलाच्या उजेडात भाचा आणि आई पुन्हा डाव मांडत होते. मी ते वाक्य काढलं. बटई, पुणे, टू बीएचके, सगळं. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही, ते जास्त अवघड होतं.

"दुपारी चिखलात हुतो," ते शेवटी म्हणाले, "तवा किती दिवसांनी बरं वाटलं ठाऊकाय? पाऊस पडलालाय आणि आपल्याला काम हाय. पुण्यात पाऊस पडल्यावर मी काय करू? खिडकी लावू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुण्यात पाऊस पडला की मी ट्रॅफिक बघतो आणि वर्क फ्रॉम होमचा मेल टाकतो.

रविवारी सकाळी ढग अर्धा तास फाटला. शिखर दिसलं, अगदी लहान, काळं. आप्पांनी हात जोडले. मग पुन्हा ढग. आम्ही गाडीत बसलो. पातेल्यातलं पाणी आईनं सांडू दिलं नाही. बाटल्यांत भरून घेतलं.

पुढं आमच्या शिवारात पाऊस झाला, पेरणी झाली, आणि मग तो ऑगस्ट आला, १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीननं ऐन फुलोऱ्यात माना टाकल्या. मी फोन करून विमा, हप्ते, उतारा असलं काहीबाही विचारायचो. बटईचा विषय मी काढला नाही. खरं सांगायचं तर संपवलाही नाही. तो आमच्या दोघांत अजून आहे, आणि त्यांचे गुडघे दर वर्षी एका वर्षानं जुने होतायत.

मागच्या आठवड्यात मी म्हटलं, "आप्पा, यंदा जाऊ या का परत? या वेळी चढू."

"जाऊ की. पण आवणी आटपल्यावर. तवर त्यांना सवड नाही."

"तुम्हाला काय माहीत आवणी कधी आटपणार?"

"माहीत हाय," आप्पा म्हणाले. "काल फोन झाला आमचा."