चिकुवा आणि डंबेल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पळसदरीत पाऊस जोर धरू लागला की आधी वीज जाते आणि तिच्या मागोमाग मोबाईलचे नेटवर्क. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना त्याची सवय आहे. त्या संध्याकाळी मगरिबची नमाज झाली आणि मी कपाटातल्या कपड्यांच्या घडीखालून एक छोटा खेळ बाहेर काढला. खेळ माझ्या धाकट्याचा होता. जप्त मीच केला होता.

पहिल्या घटक चाचणीत सहावीतल्या या मुलाला गणितात वीसपैकी सहा गुण पडले. अपूर्णांकांची बेरीज करताना त्याने छेद समान केलेच नव्हते. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. आदल्याच आठवड्यात मी त्याला हे तीनदा समजावले होते. पेपर हातात धरून मी म्हणाले, "तुझ्याच्याने काही व्हायचे नाही."

वीस वर्षे होत आली मी शिकवते आहे. वर्गातल्या कुठल्याही मुलाला मी असे म्हटलेले नाही, बी.एड.ला शिकलेले सगळे तिथे बरोबर आठवते. खोपोली लोकलमधून पळसदरीला उतरले की ते कुठे जाते, अल्लाह जाणे. मुलगा रडला नाही. खेळ स्वतःच आणून माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून वही माझ्याकडे यायची थांबली. अडले तर आपाकडे जायचा. मी विचारले की "झाला अभ्यास" एवढेच.

खेळ त्याच्या मामूने मुंबईच्या फूटपाथवरून आणलेला. तळहाताएवढा, आत चारशे गेम, जुन्या नोकियाच्या फोनमध्ये असायची तसली बॅटरी. दिसायला तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय'ची नक्कल. तो १९८९ साली आला आणि त्याला चार पेन्सिल सेल लागत. डाव्या अंगठ्याखालचे अधिकच्या चिन्हासारखे बटण त्याहून जुने. ते याच कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली काढले, आणि चाळीस वर्षांनंतरही कुणाला त्याहून सोपे काही सुचलेले दिसत नाही. आतले गेम मात्र टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्राचे. १९९०च्या दशकात त्याचीही नक्कल आपल्याकडे घरोघर आली होती. आमच्याकडे भाईजानने आणली होती. दुसरा रिमोट माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तूपण खेळ." तो रिमोट बंद होता हे मला दोन वर्षांनी कळले!

चारशेंपैकी मी निवडला निंजा हातोरीचा. हे कार्टून हिंदीत लागते आणि आपली मुले त्याला सरळ 'हथौडी' म्हणतात. मूळची ही चित्रकथा १९६४ सालची, फुजिको फुजिओ या जोडनावाने चित्रे काढणाऱ्या दोघा मित्रांपैकी एकाची. गेम हडसन कंपनीने १९८६ साली काढला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ साधारण 'निंजा म्हणजे साधना' असा. मास्तरणीला आवडावे असेच नाव.

पण खेळायला गेले आणि पहिल्याच टप्प्यात मेले. पुन्हा मेले. त्या काळचे गेम आकाराने फार लहान असत. अख्खा 'सुपर मारिओ' ४० किलोबाईटमध्ये मावलेला आहे, आपल्या मोबाईलमधला एक फोटो त्याहून कितीतरी मोठा. एवढ्याशा खेळात मूल महिनाभर गुंतून राहावे म्हणून तो अवघड केलेला. बंद केला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. एका ठिकाणी समोरून शत्रू येई आणि मी दर वेळी तिथेच, त्याच चुकीने मरत होते. किती वेळा ते मोजायचे मी दहानंतर सोडून दिले.

"अम्मी, तू घाबरून आधीच उडी मारतेस."

तो कधी मागे येऊन उभा राहिला कळले नाही. चोरी पकडली गेल्यासारखे मी खेळ पदराखाली घेतला. तो हसला नाही. शेजारी बसून म्हणाला, "त्याला जवळ येऊ दे. मग मार."

तरीही मी आणखी तीनदा मेले. प्रत्येक वेळी वाटे, आता हा म्हणणार. मी म्हटले होते तेच वाक्य त्याने म्हणायचे, एवढेच बाकी होते. तो फक्त "परत" म्हणायचा. चौथ्यांदा उडी जमली.

टप्पा संपला तसा पडद्यावर एक माणूस येऊन काहीबाही फेकू लागला. "हे कोण?"

"हातोरीचे अब्बा. चॉकलेट रोल फेकतात, ते झेलायचे. मधूनच लोखंडी डंबेल फेकतात. ते चुकवायचे."

(तो चॉकलेट रोल नाही, हे मी नंतर वाचले. चिकुवा म्हणून जपानी पदार्थ आहे, माशाच्या लगद्याची भाजलेली पोकळ नळी. आमच्या कोकणी घरात हे कळल्यावर चॉकलेटपेक्षा त्याचेच कौतुक जास्त झाले.)

"एकाच हाताने दोन्ही फेकतात? मग आता काय येणार हे कळते कसे?"

"नाही कळत," तो म्हणाला. "बघत राहायचे."

खिडकीबाहेर खोपोलीला जाणारी गाडी भिजत गेली. मी बटणे दाबत राहिले आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्या दिवशी पेपर बघून मी जे बोलले ना, ते..."

"अम्मी, वर बघ!"

डंबेल डोक्यात बसले. हातोरी आडवा. त्याने माझ्या हातातून खेळ घेतला आणि ते बोलणे तिथेच राहिले. वीज आली तेव्हा मी खेळ परत कपाटात ठेवला नाही.

दोन दिवसांनी, त्याची आपा शेजारी गेलेली असताना, मी ते वाक्य पुरे केले. माझी चूक झाली, तसे म्हणायला नको होते, एवढेच. तो नखाने टेबलाची कड खरवडत होता. "हं," म्हणाला आणि सायकल घेऊन तलावाकडे गेला.

वही अजून आपाकडेच जाते. मागच्या आठवड्यात मात्र दोन गणिते माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "नुसती बघ. बोलू नकोस."

मी बघितली. एक चुकले होते.