माल पार होतो, दाखला अडतो

आमच्या घरात तीन राज्ये नांदतात. सून बालाघाट जिल्ह्यातली, म्हणजे मध्य प्रदेशची. लेक दिली डोंगरगडला, म्हणजे छत्तीसगडात. आणि आम्ही उभयता गोंदियाचे, महाराष्ट्राचे. ऐकणाऱ्याला वाटते, केवढी दूरची सोयरीक! प्रत्यक्षात सुनेचे माहेर गाडीने तासाभरावर आणि लेकीचे सासर फार तर दोन तासांवर. आमच्या समाजाने सोयरीक जुळवताना राज्य कधी विचारले नाही. मुलगा निर्व्यसनी आहे का, मुलगी शिकली आहे का, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे का, एवढेच विचारले. गाडी जिथवर जाते तिथवर सोयरे, असा हा हिशेब.

हा हिशेब आमच्या वाडवडिलांच्या वेळी चुकीचा नव्हता. तेव्हा गोंदिया आणि बालाघाट एकाच राज्यात होते. आमचे वडील छोट्या लाईनवर गँगमन होते. ते सांगत, १९५६ साली धम्मदीक्षेला जाण्यासाठी आमचे मामा बालाघाटहून छोट्या गाडीने गोंदियाला आले, रात्री आमच्या खोलीत राहिले आणि पहाटे सगळे मिळून मोठ्या लाईनने नागपूरला गेले. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली. त्या दिवशी नागपूर हे मध्य प्रदेशचे राजधानीचे शहर होते. पुढे १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. आमचे वडील मुंबई राज्यात आले, मामा मध्य प्रदेशात राहिले. दीक्षा घेताना दोघे एका राज्याचे होते आणि अठरा दिवसांनी दोन राज्यांचे झाले. वडील म्हणत, "आमी काई हललो नाई बाप्पा, सरकारच हललं." नंतर २००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि डोंगरगडचे पाहुणेही तिसऱ्या राज्यात गेले.

रेल्वे मात्र या सीमांच्या आधीची. नागपूरहून राजनांदगावला जाणारी छत्तीसगडची लाईन १८८० च्या दशकात झाली. ती बंगाल नागपूर रेल्वेने घेतली, रुंद केली आणि कलकत्त्याकडे नेली. गोंदियाहून नैनपूर, जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन १९०३ ते १९०५ या काळात सुरू झाली. इंग्रजांनी ती आमच्या भेटीगाठींसाठी घातली नव्हती. त्यांना धान्य, लाकूड आणि जंगलचा माल बाहेर काढायचा होता. पण गाडी आली की तिच्यामागे माणसेही जातात. कोणी राजनांदगावच्या कापड गिरणीत लागले, कोणी पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यात. आमच्या भावकीतली निम्मी घरे अशी रुळांच्या कडेकडेने पसरली.

छोटी गाडी इतकी हळू चाले की चढावर पोरे उतरून पुन्हा चढत. तिच्यात बाया लाकडाच्या मोळ्या, सीताफळाच्या टोपल्या, कोंबड्या घेऊन बसत. मोळीवाल्या बाईला गार्ड रागावे आणि जागाही करून देई. बालाघाटपर्यंतचा तुकडा आधीच मोठा झाला होता. पुढचा नैनपूर-जबलपूरचा तुकडा २०१५ साली बंद केला आणि मोठ्या लाईनचे काम सुरू झाले. ते पुरे झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले की जबलपूर ते बल्लारशहा हे अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त घटले, आता उत्तर आणि दक्षिण भारताला गोंदियाने जोडले. आम्हाला अभिमान वाटला. वडिलांनी ज्या लाईनवर हातोडा चालवला, तिच्यावर आता मद्रासकडच्या गाड्या धावणार! आम्ही रेल्वेचे मीठ खाल्लेली माणसे, लाईनला नावे ठेवणार नाही. पण लांबच्या गाडीला छोट्या स्टेशनावर थांबायला वेळ नसतो आणि मोळीवाल्या बाईला चेन्नईला जायचे नसते. २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा दहा रुपयांच्या तिकिटाचे तीस रुपये झाले होते. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मधल्या काळात, २०२२ साली, कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी हवी म्हणून किती प्रवासी गाड्या रद्द झाल्या, ते मोठ्या लाईनवरच्या माणसाला विचारा. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे, कोळसा अडून चालत नाही हे आम्हालाही कळते. पण लेकीच्या बाळंतपणाला तिची आई डोंगरगडला वेळेवर पोचली नाही, हेही आम्हाला कळते.

रस्त्याचेही तेच. देवरीवरून छत्तीसगडकडे जाणारा हमरस्ता पूर्वी सहा नंबर म्हणून ओळखला जाई. आता त्याचा नंबर त्रेपन्न आहे. कागदावर तो आशियाई महामार्ग ४६ चा भाग आहे. गुजरातच्या किनाऱ्यापासून कलकत्त्यापर्यंतचा व्यापार या रस्त्याने धावतो. आमच्या पुतण्याची सीमेजवळ चहाची टपरी होती. नाक्यावर ट्रकांची रांग लागे, ड्रायव्हर खाली उतरत, चहा-भजी खात, टायरची हवा बघत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि सीमेवरचे करनाके उठले. रस्ता चौपदरी झाला. देशाचा वेळ वाचला असे म्हणतात, आणि ते खरेच असेल. पुतण्याचा वेळ मात्र एकदम रिकामा झाला. भरल्या रस्त्याच्या कडेला रिकाम्या टपरीत बसून त्याने वर्षभर वाट पाहिली. शेवटी तोच एका ट्रकमध्ये बसून रायपूरकडे लोखंडाच्या कारखान्यात मजुरीला गेला.

मे २०२० मध्ये याच रस्त्याने माणसे पायी चालत गेली. पुणे, मुंबई, नागपूरकडून निघालेली, डोक्यावर बोचकी, पायात प्लास्टिकच्या बाटल्या चपट्या करून बांधलेल्या. देवरीकडच्या आमच्या बायांनी खिचडी शिजवून रस्त्याच्या कडेला वाटली. वाघ नदीच्या पुलापलीकडे छत्तीसगडची हद्द लागते, तिथे त्या लोकांना अडवून तपासणी होई, नावे लिहून घेत, मग पुढच्या बसची वाट. त्याच वेळी बाजूने मालाचे ट्रक जात होते. आमच्या वहिनी खिचडी वाढताना म्हणाल्या, "माणसापरीस सिमेटाचं पोतं बरं वो, त्याले कोणी नाव नाई इचारत." वहिनींना लिहिता-वाचता येत नाही.

सीमेचा भाव कसा फिरतो ते विडीवाल्या बायांना जेवढे ठाऊक तेवढे कोणा अर्थशास्त्रज्ञाला नसेल. आमच्या आईने आयुष्यभर विड्या बांधल्या. पान आणि तंबाखू मोजून मिळे, विडी मोजून द्यायची, आणि त्यातली किती छाटून फेकायची हे समोरचा ठरवणार. कामठीच्या एल. एन. हरदास यांनी १९३० च्या दशकात याच विडी कामगारांची संघटना बांधली होती. एका राज्याने मजुरी वाढवली की मालकाने पान-तंबाखू दुसऱ्या राज्यात पाठवायचे, ही या धंद्याची जुनी खोड. केरळ आणि मद्रासने कायदे केले तेव्हा हेच झाले, म्हणून १९६६ साली सगळ्या देशासाठी केंद्राला कायदा करावा लागला. पण किमान मजुरीचा दर राज्याराज्याचा वेगळाच राहिला. आई म्हणायची, दर वाढवा म्हटले की ठेकेदार नदीकडे बोट दाखवतो. चांगला रस्ता झाला की त्याचे ते बोट अधिक लांब होते, एवढेच.

धानाचे उलटे आहे. त्यात भाव पलीकडे चढा. २०२३ च्या खरिपात केंद्राचा हमीभाव साध्या धानाला क्विंटलला २१८३ रुपये होता आणि छत्तीसगड सरकारने ३१०० रुपयांनी खरेदी केली. आमच्याकडे हेक्टरी वीस हजारांची प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली, तीही दोन हेक्टरपर्यंत. आता नदीच्या दोन्ही काठांना तोच पाऊस, तोच चिखल, तेच धान. त्यामुळे दर हंगामात पलीकडे नाके लागतात, बाहेरचे धान शिरू नये म्हणून रात्री गाड्या तपासतात. आपल्या लोकांना यातला वेगळाच चटका बसतो. आपल्यातले पुष्कळ जण दुसऱ्याची जमीन बटईने करतात. हेक्टरी रक्कम ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याच्या खात्यात जाते. चिखल तुडवणाऱ्याचे नाव त्यात नसते.

धानावरून आठवले. एचएमटी तांदूळ आज कुठे पिकत नाही? महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, सगळीकडे. तो शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. आपल्यातलाच अल्पभूधारक माणूस, शाळा तिसरीच्या आसपास सुटलेली. त्यांचे बियाणे सगळ्या सीमा ओलांडून गेले, पैसा मात्र मागे वळून आला नाही. ३ जून २०१८ ला ते गेले.

हे सगळे लिहायचे कारण आमची सून. ती बारावी झाली, मग परिचारिकेचा अभ्यासक्रम केला. २०१६ साली लग्न होऊन आमच्याकडे आली. तिच्या वडिलांनी जातीचा दाखला, गुणपत्रिका, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर दिले होते. दागिन्यांपेक्षा ती पिशवी जपा म्हणाले. पोरे थोडी मोठी झाल्यावर इथल्या एका राज्य भरतीचा अर्ज भरायला आम्ही तिला घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी दाखला उलटा-सुलटा करून परत दिला. "हा मध्य प्रदेशचा आहे. इथे तुम्ही ओपनमधून भरा."

आम्ही म्हणालो, "अहो, आमची जात एकच. नात्यातलीच मुलगी आहे."

"ते बरोबर आहे काका. पण दाखला बापाच्या राज्याचा लागतो."

घरी आल्यावर मुलगा चिडला. "लग्नानं जात बदलत नाही म्हणतात. मग लग्नानं दाखला कसा काय निकामी होतो?" आम्हाला उत्तर देता आले नाही. वकिली करणाऱ्या एका परिचितांकडे गेलो. त्यांनी समजावले की राष्ट्रपतींच्या आदेशात जाती राज्यवार लिहिलेल्या आहेत. एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या राज्याच्या सवलती त्याला मिळत नाहीत, तीच जात तिथल्या यादीत असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे सांगितले आणि २०१८ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा सांगितले. केंद्राच्या नोकरीत मात्र तिचा दाखला चालेल. माहेरच्या राज्यात तिचा हक्क कायम आहे, पण नोकरी लागली तर तिकडे राहावे लागेल. महाराष्ट्रात दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी घराणे या राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात.

१९५० म्हटल्यावर आम्ही सरसावून बसलो. म्हणालो, "साहेब, १९५० ला बालाघाट आणि गोंदिया एकाच राज्यात होते!" ते हसले. म्हणाले, "इतिहास तुमच्या बाजूचा आहे, कागद नाही."

कागदाने आमच्या माणसांना पूर्वीही असेच खेळवले आहे. महाराष्ट्राने बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून दिल्या. केंद्राच्या सवलती मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. तोवर नदीपलीकडच्या आमच्या मामांनी स्वतः दीक्षा घेतलेली असूनही मुलांच्या शाळेच्या कागदावर बौद्ध लिहिताना हात आखडला. आमचे वडील यावरून त्यांच्याशी भांडत, दोन-दोन वर्षे बोलत नसत. मामा म्हणत, "तुमचं सरकार येगळं आहे भाऊजी, तुमाले बोलाले काय जाते?" त्या वेळी आम्ही मनातून वडिलांच्या बाजूचे होतो. आज सुनेची पिशवी पाहिल्यावर वाटते, मामाही काही चुकीचे बोलत नव्हते.

वाचकहो, सीमेपलीकडे लेक देऊ नका, सून आणू नका, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही दोन्ही केले आणि दोन्ही घरे सुखाची आहेत. पण लग्नाआधी मुलीचा दाखला तिच्या वडिलांच्या जिल्ह्यातून काढून घ्या. डोंगरगडच्या लेकीचा आम्ही काढला नव्हता. नंतर तिला लेकरू काखेत घेऊन गोंदियाला चार खेपा घालाव्या लागल्या, त्यातल्या दोन गाडी रद्द झाल्याने वाया गेल्या. नातवंडांची काळजी नाही, त्यांचा दाखला बापाकडून येतो. आणि रेशनचे आता बरे झाले आहे. एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येते. धान्याला जे जमले ते दाखल्याला का जमत नाही, हा प्रश्न आपल्या खासदार-आमदारांना सभेत उभे राहून विचारायला हरकत नाही. आम्ही एकदा विचारला. उत्तरादाखल आम्हाला नव्या उड्डाणपुलाची माहिती मिळाली.

सुनेने सध्या रेल्वेच्या भरतीचा अर्ज भरला आहे. ती केंद्राची नोकरी, तिथे बालाघाटचा दाखला चालतो. रात्री पोरे निजली की ती स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसते. आमची ही तिला चहा करून देते आणि म्हणते, "बाई, सासऱ्याच्या बापानं रूळ ठोकले, तुले तेथं खुर्ची भेटली पायजे." परवा ६ फेब्रुवारीला प्रज्ञागिरीला जायचे म्हणून आम्ही सगळे गोंदिया स्टेशनावर बसलो होतो. डोंगरगडची गाडी उशिरा होती. मधल्या लाईनवरून कोळशाची गाडी निघाली. नात डबे मोजू लागली, छप्पन्नपर्यंत मोजले आणि कंटाळली. सून बाकावर बसून गणिते सोडवत होती. एक उत्तर जुळत नव्हते, म्हणून तिने कागद आमच्यापुढे केला. आम्हालाही जुळेना. तेवढ्यात गाडी आली.