घडविण्याचा मोह

धर्मगुरूने कोणते चित्रपट पाहावेत, याविषयी आमच्या धर्मग्रामातील ज्येष्ठ मंडळींची मते ठाम आहेत. प्रभू येशूचे जीवन, संतांची चरित्रे, फार तर एखादा कौटुंबिक चित्रपट. रहस्यपटाला त्या यादीत स्थान नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात आजारपणामुळे खोलीत अडकून पडलो असता मी आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो' पुन्हा एकदा पाहिला. प्रथम पाहिला तेव्हा मी सेमिनरीत होतो आणि केवळ रहस्याच्या ओढीने शेवटपर्यंत बसलो होतो. या वेळी रहस्य ठाऊक होते. म्हणूनच बहुधा चित्रपट नीट दिसला.

१९५८ सालचा हा चित्रपट सान फ्रान्सिस्को शहरात घडतो. स्कॉटी हा गुप्तहेर छपरावरील पाठलागात लोंबकळतो. त्याला वाचविण्यास आलेला पोलीस खाली पडून मरतो. तेव्हापासून उंचावरून खाली पाहताच स्कॉटीला भोवळ येते. नोकरी सोडलेल्या या माणसाला एक जुना परिचित आपल्या पत्नीवर, मॅडेलिनवर, पाळत ठेवण्याची गळ घालतो. एका मृत पूर्वजेने तिला झपाटले आहे, असे तो सांगतो. स्कॉटी तिच्या मागे मागे जातो, मिशन डोलोरेसच्या दफनभूमीत तिला एका कबरीपाशी उभी असलेली पाहतो आणि अखेर तिच्या प्रेमात पडतो. सान ह्वान बाउतिस्ताच्या जुन्या मिशनमध्ये ती मनोऱ्याचा जिना धावत चढते. त्याला चढवत नाही. क्षणात एक देह खिडकीबाहेरून कोसळताना दिसतो.

पुढे स्कॉटीला रस्त्यात जूडी नावाची एक साधी, दुकानात नोकरी करणारी मुलगी दिसते. चेहरा अगदी मॅडेलिनचा. तो तिला मॅडेलिनसारखा करडा पोशाख घ्यायला लावतो, तिच्या केसांचा रंग बदलतो, ते तसेच बांधायला लावतो. मॅडेलिन म्हणून वावरली ती जूडीच होती. खऱ्या पत्नीचा खून लपविण्यासाठी पतीने हे नाटक रचले होते. हे रहस्य मी फोडले म्हणून वाचकांनी रागावू नये. खुद्द हिचकॉकच ते प्रेक्षकांना बऱ्याच आधी सांगून टाकतात. मग खुनी कोण हा प्रश्न उरत नाही. हा माणूस या मुलीचे काय करून ठेवणार, एवढाच प्रश्न उरतो.

चित्रपटात दोष आहेत. खुनाची योजना योगायोगांवर तोललेली आहे. खुनी पती मोकळा सुटतो. स्कॉटीवर निरपेक्ष प्रेम करणारी मिज अर्ध्या वाटेवरच कथेतून निघून जाते, याची रुखरुख लागते. प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी त्याचे संमिश्र स्वागत केले होते. २०१२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात मात्र त्याला पहिला क्रमांक मिळाला. गंमत अशी की, चित्रीकरणाच्या वेळी त्या मिशनला तसा मनोरा नव्हताच. तो स्टुडिओतील करामतीने उभा केला होता. स्कॉटीची मॅडेलिनही अशीच. जी कधी नव्हतीच, तिच्या प्रतिमेत तो एका जिवंत स्त्रीला कोंबू पाहतो. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे, असे आपण मानतो. त्या प्रतिमेवर दुसरी प्रतिमा चढविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न स्कॉटीला विचारून मी थांबू शकलो नाही.

सेमिनरीत माझा एक जिवलग सोबती होता. गळा गोड, व्हायोलिनवर हात बसलेला. १९९१ साली काविळीने तो गेला. पुढे अनेक वर्षांनी एका धर्मग्रामात एक वेदीसेवक भेटला. तोच आवाज, मान कलती करून ऐकण्याची तीच सवय. मी त्याला व्हायोलिन आणून दिले. मित्राचे प्रार्थनापुस्तक दिले. त्याला देवाचे पाचारण आहे, असे मी त्याच्या आईवडिलांना सांगितले आणि स्वतःलाही पटवले. मुलगा आज्ञाधारक होता. सेमिनरीत गेलाही. दुसऱ्या वर्षी परत आला तेव्हा त्याने पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "फादर, मी पुष्कळ प्रयत्न केला. पण तुम्हाला हवा होता तो मी नाही." त्याच्या आईने दोष दिला नाही. "फादर, तुम्ही चांगल्यासाठीच केलं," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य मला अजून टोचते.

चित्रपटाच्या शेवटी स्कॉटी जूडीला त्याच मनोऱ्यावर ओढत नेतो. जिन्यातून एक काळी आकृती वर येते. जूडी दचकून मागे सरते आणि खाली कोसळते. ती आकृती एका व्रतस्थ भगिनीची असते. आवाज ऐकून ती बिचारी पाहायला आलेली. ती देवाची दया मागते आणि घंटा वाजवू लागते. ही भगिनी पूर्वी मला निव्वळ योजनेची सोय वाटली होती. आता मी तिच्याजवळ थांबतो. आम्ही झगा घातलेली माणसे वाईट हेतूने जात नाही. तरी आमच्या सावलीने कुणाचा पाय घसरू शकतो.

तो मुलगा आता वीजकाम करतो. गेल्या नाताळात आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर दिव्यांची माळ चढवायला मी त्यालाच बोलावले. कशी लावायची ते मी खालून सांगू लागलो, तेव्हा त्याने वरून विचारले, "फादर, यंदा माझ्या मनाप्रमाणे लावू का?"

"लाव," मी म्हणालो.

अंधार पडल्यावर दिवे लागले. माळ मला हवी होती तशी सरळ नव्हती. मी काही बोललो नाही.